अडीच लाख रनिंग झालेल्या गाडीवर लाखभर घालायचे का?

आमच्या गाडीचं रनिंग अडीच लाख किलोमीटरच्या पुढं गेलंय. मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरनं दुरुस्तीचं ९४ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि तेव्हापासून घरी, ऑफिसात, फॅमिली ग्रुपवर जो तो एकच हिशेब ऐकवतोय: "गाडीचे येणार दोन-सव्वादोन लाख, आणि त्यात तू लाख घालणार? काढून टाक की!"

मला हा हिशेबच उलटा वाटतो. विकली तर किती येतील, हा विकणाऱ्याचा प्रश्न झाला. मला गाडी चालवायची आहे. मग हे ९४ हजार त्या दोन लाखांच्या शेजारी मांडायचेच कशाला? ते मांडायचे नव्या गाडीच्या हप्त्याशेजारी.

साधी पेट्रोल हॅचबॅक धरा, शोरूम किंमत साडेसात लाख. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८२,५०० रुपये. माझं अख्खं एस्टिमेट जेमतेम त्याहून वर आहे, आणि टॅक्सचे पैसे भरून गाडीचा एक नटसुद्धा बदलत नाही. वर इन्शुरन्स, त्यात थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सगळं धरून नऊ लाखांच्या आसपास. दोन लाख हातचे भरून सात लाखांचं कर्ज काढलं तर नऊ टक्क्यांनी पाच वर्षं महिना साडेचौदा हजार, आणि नुसतं व्याज १ लाख ७२ हजार. म्हणजे जुनी गाडी दुरुस्तीनंतर सात महिने नीट चालली की एस्टिमेट वसूल. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, हे मान्य. पण उतरलेल्या किमतीचाच हा हिशेब आहे.

आता ते एस्टिमेट. लोक फक्त खालचा आकडा बघतात. मी एक-एक ओळ वाचली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, पुढचे शॉकर, लोअर आर्मचे बुश, दोन टायर, बॅटरी. हे सगळं झिजणारंच. नवी गाडी घेतली तरी लाखभर किलोमीटरच्या आत-बाहेर हीच यादी पुन्हा हातात येणार. गाडी म्हातारी झाल्याचा हा पुरावा नव्हे, गाडी चालवली जाते याचा आहे. शिवाय इंजिन डीकार्बनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग असा चौदा हजारांचा मसाला होता, त्यावर तिथंच काट मारली. गाडीच्या वयाबद्दल खरं काही सांगणारी ओळ एकच होती: टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी.

आमची गाडी २०१२ ची डिझेल. आत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन, जे एका काळात स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, पुंटोमध्ये तर होतंच. याला बेल्ट नाही, चेन आहे. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर काही सेकंद खडखड येते, ती ताणलेल्या चेनची किंवा चेन घट्ट धरणाऱ्या, पण दमलेल्या टेन्शनरची असू शकते. ते मात्र टाळायचं नाही. चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग हजारांचं काम लाखावर जातं.

एस्टिमेट घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथं बोअरिंगपासून क्रँक ग्राइंडिंगपर्यंत काय म्हणाल ते होतं. ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण गरम इंजिन खोटं बोलतं असं त्यांचं म्हणणं. सकाळी थंड स्टार्ट घेतला, आयडलवर ऑइलची टोपी उघडून वाफारा बघितला, चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. निळा धूर नाही, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग नाही, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. मग ते म्हणाले, "साहेब, इंजिनाला काय धाड भरली नाही. पत्रा बघा पत्रा." आणि गाडी लिफ्टवर घेतली.

हे आपल्याकडं कुणी विचारतच नाही. सगळे विचारतात रनिंग किती, इंजिन खोललंय का. अरे, इंजिन खोलता येतं, गिअरबॉक्स उतरवता येतो, टर्बो रिकंडिशन होतो, इंजेक्टर बेंचवर तपासता येतात. कुजलेल्या पत्र्याचं काय करणार? दाराखालची सिल, चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शन जिथं बॉडीला बसतं त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघायच्या. टणक आवाज आला तर ठीक. भुसभुशीत आवाज आला, पापुद्रे निघाले, तर इंजिन कितीही गोड चालत असो, त्या गाडीत पैसे घालू नका. माझ्या मेहुण्याची गाडी रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. रनिंग आमच्या निम्मंही नाही, आणि खालून बघवत नाही. त्याला मी स्वतःच बदल म्हणालो. पुरात बुडून निघालेल्या गाडीचंही तसंच. २०१९ आणि २०२१ नंतर आपल्याकडं अशा किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील! वायरिंगच्या कनेक्टरात गेलेलं पाणी दोन वर्षांनीसुद्धा डोकं वर काढतं.

आमचा पत्रा टणक निघाला. सायलेन्सरचा एक ब्रॅकेट सोडला तर गंज नाही.

मग बदलायचं कारण उरतंच का? एक उरतं, आणि ते मला खरोखर अस्वस्थ करतं: सुरक्षितता. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते २०१८-१९ मध्ये, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग अगदी २०२२ मध्ये. आमच्या मधल्या व्हेरियंटमध्ये दोन्ही नाही, आणि कुठल्याही मिस्त्रीला ते मागाहून बसवता येत नाही. गावातल्या गावात फिरताना मी हे सोडून देतो. पण मुलगी पुढच्या वर्षी गाडी घेऊन पुण्याला ये-जा करणार म्हणतेय. हायवेवर तिला या गाडीत बसवायचं का, याचं उत्तर कम्प्रेशन टेस्ट देत नाही. ज्यांचं रोजचं हायवेचं रनिंग आहे, त्यांनी माझा वरचा सगळा पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी चालेल.

तसंच घरात डायलिसिसचा पेशंट असेल, रात्री-अपरात्री निघावं लागत असेल, तर "सहसा बंद पडत नाही" एवढं पुरत नाही. करुळ घाटात गाडी उभी राहिली तर मला चिडायला वेळ असतो. प्रत्येकाला नसतो.

कागदांचं थोडक्यात. "दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद" हा मेसेज दिल्ली-एनसीआरचा, महाराष्ट्राचा नाही. आपल्याकडं खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग, म्हणजे आरटीओत तपासून नोंदणीचं नूतनीकरण, ते मिळालं की पाच वर्षं. फी मात्र एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, वर पर्यावरण कर, आणि उशीर केला तर महिन्याला ५०० दंड. आमची मुदत २०२७ ची. म्हणून मी कामंही तशीच निवडली: चेनचा सेट, क्लच, शॉकर, बुश, टायर, बॅटरी. उद्यमनगरात ओरिजिनल पार्ट घालून ५८ हजारांत बसतंय. पेंटिंगला हात लावायचा नाही. पासिंगच्या वेळी पुन्हा लिफ्टवर घ्यायची, पत्रा ठोकायचा, आणि तोवर साठलेल्या पैशांत मुलीसाठी एअरबॅगवाली गाडी बघायची. नव्या गाडीचा हप्ता भरतोय असं समजून महिना दहा हजार आत्तापासून आरडीत टाकायला सुरुवात केलीय.

आणि ज्यांचं विकायचं ठरलंय, त्यांनी एक सांभाळा. एक्स्चेंजमध्ये गाडी दिली, चेक मिळाला, पेढे वाटले आणि विसरले, असं करू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसते देऊन टाकू नका, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) दुसऱ्याच्या नावावर चढल्याचं ऑनलाइन स्वतः बघा. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधे कितीही हात फिरलेली असो. आमच्या ऑफिसातल्या एकाला विकलेल्या गाडीची चलनं अजून मोबाइलवर येतात, आणि गाडी सध्या कुणाकडं आहे हे एजंटलाही सांगता येत नाही.