अर्जेंटिना संपली

रद्दीच्या दुकानात माणसाची अब्रू जाऊ शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. गेल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, चार माणसांदेखत.

झालं एवढंच की पलंगाखालचा माझा साठा बायकोने बाहेर ओढला. ही साधी रद्दी नव्हती. दर रविवारी मी आठवड्याभराचे पेपर आणि साप्ताहिकं घेऊन बसतो. राजकारण, पुस्तकं आणि फुटबॉल एवढी पानं बाजूला काढतो आणि पेन्सिलीने समासात शेरे मारतो. पुन्हा काढून बघायचं म्हणून सगळं जपून ठेवतो. "तुमच्यापेक्षा झुरळंच जास्त वाचतात हे," ती म्हणाली. चार वर्षांचे तीन गठ्ठे सुतळीने बांधून मी स्कूटरवर घातले.

दुकानदाराने पहिली सुतळी कापली आणि माझ्या व्यासंगाची विभागणी दोन मिनिटांत करून टाकली. साधा मराठी कागद चौदा रुपये किलो, इंग्रजी सोळा, गुळगुळीत आठ. फुटबॉलचा बहुतेक माल गुळगुळीत निघाला. इंग्रजीला दोन रुपये जास्त का, असं विचारलं तर म्हणाला, "कागद पांढरा असतोय, पुडी चांगली हुत्या." मराठीला अभिजात दर्जा मिळून दीड वर्ष होऊन गेलं, पण तो काट्यापर्यंत अजून आलेला नाही. तसं पाहिलं तर पेपरात खाण्याच्या वस्तू बांधू नका, शाई पोटात जाते, असं सरकार सारखं बजावत असतं. माझ्या डोक्यात ती तीस वर्षं जाते आहे, त्याबद्दल कुणी पत्रक काढलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण तिथे मामा होते.

मामा म्हणजे पांढरी टोपी, धुवट लेंगा, सत्तरीच्या पुढचं वय. दुधाच्या पिशव्यांचं पोतं घेऊन आलेले आणि उपड्या तेलाच्या डब्यावर नंबर लावून बसलेले. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी माझ्या गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान नाकाशी धरलं. मला वाटलं, बातमी वाचताहेत. ते समास वाचत होते. आणि मोठ्याने.

"'अर्जेंटिना संपली.' आनी फुडं तीन उद्गारवाचक." त्यांनी तारीख बघितली. "तेवीस नोव्हेंबर दोन हजार बावीस. हे कुनी लिवलंय?"

मी दुकानदाराकडे बघितलं. दुकानदाराने माझ्याकडे बोट केलं.

आता मला सांगा, आदल्या दिवशी अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून 2-1 अशी हरली होती. मेस्सीच्या पेनल्टीने पुढे असताना, दुसऱ्या हाफमध्ये पाच मिनिटांत दोन गोल खाऊन! कुठल्याही विचारी माणसाने तेच लिहिलं असतं. मी हे मामांना समजावू लागलो.

"पर वर्ल्ड कप कुनी न्हेला?"

"अर्जेंटिनानेच. पण पेनल्टीवर. तीन-तीन झाले होते ना, मग..."

"म्हंजे संपली न्हवती."

"त्या दिवशी संपल्यासारखी दिसत होती."

"दिसत हुती न्हवं, तुम्ही लिवलंय संपली." आणि दुसरं पान उचललं.

हे पान राजकारणाचं होतं. जून 2024, लोकसभेच्या निकालानंतरचं. राज्यातल्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला मिळाल्या होत्या आणि त्या आकड्याभोवती गोल काढून मी बाजूला लिहिलं होतं, 'विधानसभा आता केवळ औपचारिकता.'

"औपचारिकता म्हंजे काय वो?"

"म्हणजे... नुसती नावाला."

मामांनी जरा विचार केला. "मग ह्ये बरोबर हाय की! नावालाच झाली. फकस्त दुसऱ्यांची."

नोव्हेंबरात 288 पैकी 230 च्या वर जागा महायुतीला गेल्या, हे सांगायला तेवढ्यात भंगारची सायकल घेऊन आलेला एक पोरगाही सरसावला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुकानदार काटा सोडून हसत होता. मी म्हणालो, "दादा, वजन करा." तो म्हणाला, "थांबा की सर, मामांचं वाचून हू द्या."

लोकांना वाटतं, वाचणारा माणूस शहाणा होतो. मी सहा-सहा अग्रलेख वाचून मत बनवतो. त्या सहाही जणांचं चुकलं, पण ते आठवड्याला नवीन अग्रलेख लिहून मोकळे होतात. हिशेब द्यायची वेळ येते ती पेन्सिलवाल्यावर. आणि फुटबॉलचं म्हणाल तर आम्ही वाचतो काय? युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होतो. तोवर पेपर छापून गाडीत चढलेला असतो. म्हणजे बुधवारी रात्रीचा सामना शुक्रवारी छापून येतो, तोही क्रिकेटपटूच्या दुखऱ्या गुडघ्याखाली, चार ओळींत. नावांचं तर विचारू नका. एकाच पानावर फ्रान्सकडून एम्बापे, एमबाप्पे आणि म्बापे असे तिघे खेळतात. त्या 2022 च्या फायनलमधली हॅटट्रिक एकाची की तिघांनी एकेक गोल केला, हे सामना बघितला नसता तर मला आजही सांगता आलं नसतं.

पुस्तकांच्या पानावर मामा जास्त थांबले नाहीत. तिथेही थांबण्यासारखं काही उरलेलं नाही. पूर्वी ते अख्खं पान असे, मग अर्धं झालं, आता राशिभविष्य आणि शब्दकोडं यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं असतं. परीक्षणाचं शेवटचं वाक्य ठरलेलं, 'संग्रही असावे असे पुस्तक.' ज्याने हे लिहिलं त्याच्या तरी संग्रही आहे का, हे मला एकदा बघायचं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जाची बातमी आली तेव्हा मी समासात लिहिलं होतं, 'आता या पानाला बरे दिवस.' मामांनी पान उलटलं. मागे पूर्ण पानभर टू बीएचकेची जाहिरात होती.

"आनी ह्ये 'घेणे', 'घेणे' काय लिवलंय सगळीकडं?"

"ती पुस्तकं विकत घ्यायची होती."

"घेटली?"

अकरांपैकी दोन घेतली. त्यातलं एक मेव्हण्याकडे आहे. हे मी मामांना सांगितलं नाही. माणसाने काहीतरी राखून ठेवावं.

मग त्यांनी पानं खाली ठेवली, चष्मा नाकावर घेतला आणि अगदी सहज, कुचकेपणाचा लवलेश न ठेवता विचारलं, "एवढं फुटबॉलचं वाचतासा, तर शाहू स्टेडियमवर शेवटचं कधी आलासा?"

मी आकडेमोड करू लागलो. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियम म्हणजे आमचं फुटबॉलचं मैदान. लहानपण मंगळवार पेठेत गेलं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की पेठेतल्या घरांत जेवण लवकर उरकायचं. आता मला लिव्हरपूलच्या राखीव गोलकीपरचं नाव पाठ आहे आणि खंडोबा तालमीकडून यंदा कोण खेळतंय ते माहीत नाही. आपला अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तेव्हाही मी टाळ्या समासातच वाजवल्या.

"झाली असतील सात-आठ वर्षं," मी म्हणालो.

"मी परवा हुतो," मामा म्हणाले. "उनाचा. दोन तास."

गुळगुळीत धरून सगळे साडेसोळा किलो भरले. वरचे पाचशे ग्रॅम त्याने सुतळीचे म्हणून कापले. सुतळी पाचशे ग्रॅमची नसते हे मला कळतं, पण त्या क्षणी वाद घालण्याइतकी पत माझ्याकडे उरली नव्हती. निघताना पाहिलं तर मामांनी ते अर्जेंटिनाचं पान चार घड्या घालून बंडीच्या खिशात घातलं होतं. "नातवाला दावतो," म्हणाले. पानाचे पैसे त्यांनी दिले नाहीत आणि दुकानदाराने मागितलेही नाहीत.

बुधवारी चहाच्या टपरीवर उभा होतो. तालमीतली तीन-चार पोरं आली. त्यातला एक, ज्याला मी जन्मात कधी बघितलं नव्हतं, जवळ येऊन नम्रपणे म्हणाला, "सर, ते पेन्सिलवालं तुम्हीच न्हवं? जूनमध्ये वर्ल्ड कप हाय. औंदा अठ्ठेचाळीस टीम हाईत, आमच्यात कुणाचं एकमत होईना झालंय. औंदा कोन संपलंय तेवढं सांगा की."

"कशाला?"

"त्येचाच कटआउट लावतो चौकात."

मी ब्राझील म्हणालो.

"नक्की न्हवं?" त्याने विचारलं. "खर्च हाय, सर."

मी चहा तसाच ठेवून निघालो.