झुंजार यायलाय!

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ज्यानं काढली, त्याला रहस्यकथांतल्या झुंजारच्या पिक्चरची वाट बघणारी माणसं ठाऊक नसणार. आमचं बनतही नाही आणि परभणीही सुटत नाही. स्टेशन रोडच्या हॉटेलात संध्याकाळी बसणारे आम्ही तिघं: एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर मामा, लातूरहून लेकीकडं म्हणून आलेले आणि इथंच मुक्काम ठोकलेले आमचे दाजी, आणि मी. उन्हाळा लागला की कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी उगवते, 'झुंजार यायलाय!' त्या दिवशी चहाबरोबर भजी येतात. मग पाऊस पडतो, सोयाबीन निघतं, तुरी निघतात. झुंजार काही निघत नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आहे, विजया आहे, धनंजय आणि त्याचा छोटू आहे, काळापहाड आहे. हजारातली एक उचलायला कुणाच्या बापाचं काय जातं? गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीपही तसाच खोळंबलाय. सुहास शिरवळकरांच्या वाचकांचं दुखणं तर अवघड जागेचं. २०१३ मध्ये त्यांची कादंबरी एकदाची पडद्यावर आली, थेटरं भरली, आम्हीही गेलो. पण ती 'दुनियादारी', कॉलेजातल्या पोरापोरींची. अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद ही त्यांच्या रहस्यकथांतली मंडळी वऱ्हाडात येऊनही पंगतीत पाट न मिळाल्यासारखी बाहेरच उभी. इंटरव्हलमध्ये मामा म्हणाले, "दारा अजून कसा आला नाही?" मी त्यांना गप बसवलं. पुढचा पिक्चर त्यांनी दाराकडंच बघत काढला, म्हणजे थेटराच्या.

दाजींना मात्र या विषयात भलताच माज. कारण २०१७ मध्ये भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सिनेमात आला आणि त्यामागं रितेश देशमुख होते. "आमच्या लातूरनं करून दाखवलं," हे वाक्य दाजी पाण्याचा ग्लास मागतानाही घुसडतात. वास्तविक बन्या फेणे पोराटोरांचा हिरो, त्याला झुंजारच्या पंक्तीला बसवणं मामांना मंजूर नाही. पण गंमत अशी की त्याच पिक्चरवर दाजींचा राग आहे. त्यात बन्या मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्याला जातो. "डॉक्टरच व्हायचं होतं तर पुण्याला कशाला मरायला गेला? लातूरला यायचं! आम्ही रूम बघून दिली असती, डबा लावून दिला असता." गुन्हेगार सापडला, सत्याचा जय झाला, तरी दाजींच्या मते मूळ चूक दुरुस्त झालीच नाही.

माझा पुतण्या मुंबईत कुठंतरी एडिटिंग करतो. तो सुट्टीला आला की आमची समजूत काढतो. "काका, हे सगळीकडंच असतंय. झोरोची गोष्ट १९१९ ला मासिकात आली आणि १९२० ला पिक्चर तयार. पण मंगळावर जाणारा तो जॉन कार्टर? गोष्ट १९१२ ची, मोठा पिक्चर आला २०१२ ला. शंभर वर्षं!"

"चालला का मग?" मामांनी आशेनं विचारलं.

"आपटला. डिस्नेला वीस कोटी डॉलरचा खड्डा."

मामा बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. शंभर वर्षं थांबून पडणार असेल तर झुंजारनं घाई केलेली बरी, असा काहीसा हिशोब चालला असावा.

मामांची निष्ठा वादातीत आहे. परभणी-गंगाखेड रूटवर तिकिटं फाडता फाडता त्यांनी अख्खा अर्नाळकर संपवला. त्यांच्याकडची पुस्तकं हातात घेतली की अजून डिझेलचा वास येतो, आणि पानापानांवर बारीक गोल भोकं दिसतात. कसर नाही ती. तिकिटाचा पंच आहे. ज्याच्यावर संशय, त्याच्या नावावर मामा पंच मारायचे. संशय बदलला की दुसऱ्या नावावर. एका पुस्तकात शेवटी झुंजार आणि मामांचा स्वतःचा अंगठा एवढेच बिनभोकाचे उरलेत.

असा माणूस परवा व्हॉट्सॲपवरचं पोस्टर बघून उडाला. काळा कोट, हॅट, मागं जळती मुंबई, वर सोनेरी अक्षरात 'झुजांर'. अनुस्वार एक घर पुढं सरकलेला. मी झूम करून दाखवलं, रिव्हॉल्व्हर धरलेल्या हाताला सहा बोटं होती. "मामा, हे एआयनं काढलंय."

"सहावं ट्रिगरसाठी आसंल," मामा म्हणाले. श्रद्धा म्हणतात ती ही.

खरा तंटा हिरो कोण यावर. प्रत्येकाचा झुंजार लहानपणीच ठरून गेलाय. माझा आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा दिसतो. मामांचा त्यांच्या वेळच्या डेपो मॅनेजरसारखा. दाजींचा झुंजार, खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्या लग्नाच्या फोटोतल्या दाजींसारखा दिसतो. आता यातून कुठला निर्माता वाट काढणार? त्यात मामांना जुनी मुंबई ट्रामसकट पाहिजे. मुंबईच्या ट्रामी १९६४ ला बंद झाल्या. पुतण्या म्हणतो एकेका ट्रामला व्हीएफएक्सचा इतका खर्च येईल की झुंजारला कोट भाड्यानं आणावा लागेल.

त्यापेक्षा वेब सिरीज करू, असं तो बोलून गेला. आठ भाग, पहिले दोन झुंजारच्या बालपणावर.

"झुंजारला बालपण नव्हतं," मामा ठामपणे म्हणाले.

"आसं कसं मामा? कायतरी आघात झाला असंल की."

"त्याला कशाचा आघात? आघात तो करतो."

आमची ही म्हणते, "पिक्चर येईस्तोवर मोतीबिंदूचं तेवढं उरकून घ्या." तिचं वाचन मोठं, पण सगळं सामाजिक.

शेवटी पुतण्यानंच तोडगा काढला. कुणाची वाट कशाला बघायची, आपणच एक मिनिटाची रील करू. रविवारी सकाळी शेतावर या, झुंजार एका बदमाशाला पकडतो एवढाच सीन, कपडे ज्याचे त्यानं आणायचे. मे महिना, पारा त्रेचाळीसवर. मी जावयाचा लग्नातला काळा कोट घालून पोचलो. बांधावरून मामा येताना दिसले. एसटीच्या थंडीच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दाजी रिक्षातून उतरले ते सफारीवर हॅट घालून. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कुणीच नमस्कार केला नाही.

पुतण्यानं मोबाईल खाली घेतला. "तिघंबी झुंजारच? मग बदमाश कोण व्हायलंय?"

मामांनी घाम पुसला, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बालपणावर दोन भाग कोण काढायलं होतं रे?"