अण्णांच्या पोटातलं पाणी आणि तो ३०चा आकडा

ताई,

तुमची प्रतिक्रिया सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी वाचली, ती दिवसभर डोक्यातून गेली नाही. लिव्हर सिरोसिसमुळे (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजारामुळे) पोटात पाणी झालेल्या १०० जणांपैकी सुमारे ३० जणच पाच वर्षं काढतात, हे माझं वाक्य जालन्याला तुमच्या अण्णांनी मोबाइलवर वाचलं आणि दोन दिवस ते धड जेवले नाहीत. ‘असले आकडे लिहायचेच कशाला? आणि अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नाही, मग लेख दारूपासूनच का सुरू होतो?’ असं तुम्ही विचारलंय.

दारूबद्दल तुमचं बरोबर आहे. हिपॅटायटिस बी, सी, मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर, यांनीही सिरोसिस होतो. जलोदर, म्हणजे पोटातलं हे पाणी, म्हटलं की आपल्याकडं गाव आधी बाटली शोधतं, त्यात माझ्या लेखानं भर घालायला नको होती. सुरुवात बदलतो.

आकडा मात्र काढणार नाही. तो उलगडून सांगितला नाही, ही माझी चूक. पाणी होण्याआधी १०० पैकी ८० जण पाच वर्षं जगतात, पाणी झाल्यावर ३०. या ३०च्या हिशोबात सगळेच आले: दारू न सोडलेले, औषधाला दाद न देणारं पाणी झालेले (त्यांच्यातले निम्मे सहा महिन्यांच्या आसपास जातात), आणि हिपॅटायटिस बीच्या गोळ्या सुरू झाल्यावर पाणी ओसरून पुन्हा शेतात जाऊ लागलेलेही. अण्णा यांतले कोण, हे आजाराच्या कारणावर ठरतं. पहिल्यांदा पाणी झालं तेव्हाच कारण शोधायचं आणि लिव्हर प्रत्यारोपणाबद्दल विचारायचं. आमच्याकडं पेशंट येतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्यांदा पाणी काढल्यावर. आकडा लिहिला तो या उशिरासाठी.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की अण्णांचं पिण्याचं पाणी निम्म्यावर आणलंय. मराठवाड्यातल्या उन्हात हे वाचून मला धसका बसला. लिव्हरमधला दाब वाढला की किडनीला शरीरात रक्त कमी पडल्यासारखं वाटतं आणि ती मीठ धरून ठेवते. पाणी त्या मिठामागं येतं. तोडायचं ते मीठ. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. ठेचा, पापड, लोणचं यातच ते संपतं. पाणी कमी करायचं ते रक्तातलं सोडियम फार उतरलं असेल तर, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

पोटातलं पाणी काढायला ‘एकदा सुई लावली की माणूस राहत नाही’ ही भीती मी रोज ऐकतो. माणसं जातात ती बहुधा सुई उशिरा लागल्यामुळं. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो तेव्हा ताप नसतो, पोटही दुखत नाही, असं पुष्कळदा घडतं. नुसता माणूस सुस्त होतो, बरळतो, लघवी कमी होते. त्या दिवशीच थोडं पाणी काढून तपासावं लागतं. एका घन मिलिमीटरला न्यूट्रोफिल पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २५० किंवा जास्त निघाल्या तर लगेच अँटिबायोटिक आणि अल्ब्युमिन, म्हणजे शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रथिन. अल्ब्युमिन किडनी वाचवण्यासाठी असतं. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तरी लिटरमागं ६ ते ८ ग्रॅम ते द्यावं लागतं. आठ लिटरला २० ग्रॅमच्या साधारण तीन बाटल्या. महाग आहे, ठाऊक आहे. ‘एकच द्या’ म्हणणाऱ्या घरच्यांपुढं मी अनेकदा उभा राहिलोय. एकीवर भागवलं तर किडनी धोक्यात येते.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घरात असेल तर आजच बाजूला काढा. तीही किडनीवरच उठते.

आणि अण्णांना जेवायला बसवा. उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं, मग पोट मोठं आणि हातपाय काड्या होतात. डाळ, दूध, दही, चालत असेल तर अंडी, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा; झोपताना दूध-भाकरी हमखास. उद्या त्यांच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: कारण सापडलंय का, आणि पाणी तपासलंय का. काय म्हणाले ते इथंच लिहा, मी वाट बघतोय.