हरकत घ्यायची, पण नकाशा कुठाय?

टेकडीचा पायथा असो, नदीकाठ असो, प्रकार तोच! शहराच्या विकास आराखड्यात बागेसारख्या कामासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ हरकतींना एक महिना देतं. नोटीस मात्र आतल्या पानात, मुंगीएवढ्या अक्षरांत, नुसत्या सर्व्हे नंबरानिशी. चौकाचं नाव लिहिलं तर काय बिघडतं? नकाशा बघायला पालिकेत जा, तर साहेब साइटवर. झेरॉक्स मिळालीच, तर बागेचा हिरवा आणि रहिवासाचा पिवळा, दोन्ही करडे! बाग जातेय हे कळणार कसं? हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्याच, नाहीतर सुनावणीत ‘तुमचा अर्जच नाही’. नव्या टॉवरांना पाणी किती इंची लाइनमधून, ड्रेनेज कुठे जोडणार, हे सुनावणीतल्या दोन मिनिटांत विचारायचं? फेरसुनावणी मागितली की म्हणे विकासविरोधी! अहो, उन्हाळ्यात आमच्याच टाकीत पाणी चढत नाही.