बेळगाव थंड आहे, या भरवशावर आता उन्हाळा निघणार नाही

"बेळगावात कसला वो उन्हाळा? ऊन बघायचं तर विजापूरला जावा." दर एप्रिलात हे ऐकायला मिळतं. गाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, पश्चिमेला घाट, दिवस कलला की वारा सुटतो. 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणवून घ्यायला मलाही आवडतं. पण या अभिमानापायी आपण उन्हाची कसलीच तयारी करत नाही, आणि त्याची झळ सोसतात ती भलतीच माणसं.

अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस जातात. त्यामुळे थंड हवेतल्या माणसाला पहिलाच तडाखा जास्त लागतो. त्यात आपल्याकडचा वळीव. एक सर येऊन गेली की वाटतं सुटलो. दुसऱ्या दिवशी ऊन तापतं, हवा दमट होते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. पेपरात छापून येणारा ३६-३७ चा आकडा तर सावलीतला. शहापूर-वडगावात पत्र्याखाली मागावर बसलेल्या विणकराचा, उद्यमबागेत फौंड्रीच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराचा, खानापूर तालुक्यातल्या वीटभट्टीवरच्या बाईचा आकडा कोण मोजतं?

उन्हाळ्यात कलबुर्गी विभागातली आणि विजापूर, बागलकोट जिल्ह्यांतली सरकारी कार्यालयं सकाळी ८ ते दुपारी दीड अशी चालवतात. चांगलंच आहे. आपला जिल्हा त्यात नसतो. पण अथणी तालुका विजापूर जिल्ह्याला लागून आहे, तिथलं ऊन जिल्ह्याची हद्द बघून कमी होत नाही. आणि पंख्याखाली बसणाऱ्यांची वेळ बदलते, तर उसाच्या फडात भांगलणाऱ्यांची का बदलू नये? माझं म्हणणं एवढंच आहे: एप्रिल-मे महिन्यांत दुपारी १२ ते ३.३० अंगमेहनतीचं काम बंद ठेवा. सकाळी ६ ला सुरू करा, उरलेलं चारनंतर. मजुरी मात्र पूर्ण द्या, नाहीतर हे बोलण्यात काही अर्थ नाही.

"भरपूर पाणी प्या" हा सल्ला सगळे देतात. कडोली, कंग्राळी, उचगावहून भाजी घेऊन बाजारात येणाऱ्या मावशींना एकदा विचारून बघा. कितीतरी जणी पाणी मुद्दाम टाळतात, कारण जवळ धड स्वच्छतागृह नाही. असलं तर कुलूप, नाहीतर आत पाय ठेववत नाही. टोपली सोडून लांब जायचं तर मालावर लक्ष कोण ठेवणार? मग सकाळी घोटभर चहा घेऊन निघायचं आणि घरी परत गेल्यावरच तांब्या तोंडाला लावायचा. भर उन्हात सहा-सात तास. लघवीची जळजळ, डोकेदुखी, चक्कर हे त्यांना रोजचंच वाटायला लागलंय. पाणपोई घालणाऱ्या मंडळांबद्दल मला आदर आहे, पण यंदा पाणपोईसोबत स्वच्छतागृहाची किल्ली आणि सफाईही कुणीतरी अंगावर घ्या. शेतमजूर बायकांचं दुखणंही हेच आहे.

लग्नसराईचंही बोलायलाच हवं. साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा मंडप, नवरदेव बँडपुढे अडकलेला आणि आत आजी-आजोबा घामाघूम. म्हाताऱ्या माणसांना तहान लवकर जाणवत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणखी उतरतं (गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). गोरज मुहूर्त आपल्याकडे काही नवा नाही. घरातल्या मोठ्यांनी मनावर घेतलं तर होतं.

प्यायला काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नाचणीची आंबील, मीठ घातलेलं ताक, खानापूरकडच्या कोकमाचं सरबत, पन्हं. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आणि हे नीट लक्षात ठेवा. उन्हातला माणूस असंबद्ध बडबडायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीसुद्धा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. १०८ ला फोन लावा आणि गाडी यायची वाट न बघता त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मानेवर, काखेत, जांघेत ओले कपडे ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अंग लवकर गार करण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या मंडळींनो, तुमच्या गावात कुणी मालकानं किंवा शेतकऱ्यानं मजुरी न कापता दुपारची सुट्टी दिली असेल तर खाली लिहा. इथल्या शेडमालकांशी आणि मंडळांशी या आठवड्यात बोलायला जाणार आहे, त्यांना दाखवायला उदाहरणं पाहिजेत.