चुकलेल्या सालाची रायफल

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एका मित्राने शिवकाळावरील एका नव्या चित्रपटातले दृश्य थांबवून त्याचे छायाचित्र टाकले. मावळ्याच्या हातातील बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार काढायची, असायला हवी होती आणि तिला गारेवर ठिणगी पाडणारा चकमकीचा घोडा होता. हा दोष त्याने अचूक हेरला होता, आणि इथवर माझे त्याच्याशी काहीच भांडण नव्हते. परंतु खाली त्याने लिहिले होते, "हॉलिवूडवाले साधा काउबॉयचा सिनेमा काढतात, तरी त्यांच्या बंदुकीचा स्क्रूसुद्धा चुकत नाही. इतिहासाची चाड असावी लागते, ती आपल्याकडे नाही." त्यावर भराभर अंगठे उठले. मी ॲरिझोनात, टूसॉनमध्ये, एकोणीस वर्षे राहतो, आणि ज्या प्रदेशाच्या नावाने हे काउबॉयपट काढले गेले त्याच प्रदेशात रोज आय-टेन महामार्गावरून कामाला जातो. त्या दिवशी जाताना मी त्या मित्राला मनातल्या मनात तीन वेळा उत्तर दिले आणि माझी एग्झिट चुकवली.

पहिले उत्तर काउबॉयपटांतला नट जॉन वेन याच्या रायफलीचे होते. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या १९३९ सालच्या 'स्टेजकोच'मध्ये वेन प्रथम दिसतो तो रस्त्याच्या कडेला उभा राहून हातातली रायफल गर्रकन फिरवतो तेव्हा. ही कथा अपाचे लढवय्या जेरोनिमोच्या धास्तीने भरलेल्या ॲरिझोनात घडते. जेरोनिमो १८८६ च्या सप्टेंबरात शरण आला, म्हणजे कथेचा काळ त्याआधीचा असायला हवा. आणि वेनच्या हातातली विंचेस्टर कंपनीची रायफल आहे १८९२ सालच्या नमुन्याची. बंदुका आखणाऱ्या जॉन ब्राउनिंगने ती तोवर आखलीही नव्हती. ही एका सिनेमातली नजरचूक असती तर मी गप्प बसलो असतो. पण पुढची तीस-चाळीस वर्षे १८९२ ची हीच विंचेस्टर १८६५ पासून १८९० पर्यंतच्या कोणत्याही सालात बिनदिक्कत वावरत राहिली.

याचे कारण इतिहासाच्या चाडीत नाही, गोदामात आहे. या नमुन्याच्या दहा लाखांवर रायफली निघाल्या होत्या. त्या हलक्या होत्या, सहज मिळत, आणि स्टुडिओंना हत्यारे भाड्याने देणाऱ्यांच्या मांडण्यांवर ओळीने लावलेल्या असत. शिवाय 'फाइव्ह-इन-वन' नावाचे एक बिनगोळीचे, नुसत्या आवाजाचे काडतूस होते, ते .४४-४० मापाच्या रायफलीतही चाले आणि .४५ च्या कोल्ट पिस्तुलातही. चित्रीकरणाच्या उन्हात पन्नास घोडेस्वारांना बार वाटणाऱ्या माणसाला एकच डबा पुरला, तर तो साल तपासत बसत नाही. याहून गमतीची गोष्ट म्हणजे जुन्या हॉलिवूडपटांत ज्या चकमकीच्या बंदुका दिसतात त्यांतल्या कित्येक १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफली आहेत. मागून झटपट काडतूस भरता यावे म्हणून त्या वापरल्या आणि वरून चकमकीचा खोटा घोडा बसवला. माझ्या मित्राला मावळ्याच्या हातात जे दिसले, नेमके तेच. फक्त त्याच्या त्या लाडक्या मुलखात.

दुसरे उत्तर अधिक आवडीचे होते, कारण त्यात मीही गुंतलेलो आहे. पुण्याला कॉलेजात असताना अलका टॉकीजमध्ये पाहिलेल्या इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची कथा अमेरिकी यादवीत, १८६२ च्या न्यू मेक्सिको मोहिमेच्या आगेमागे घडते. त्यात टुको नावाचा बदमाश बंदुकीच्या दुकानात शिरतो, चार पिस्तुले खोलून एकाची नळी, दुसऱ्याचे चक्र असे जुळवतो, चक्र कानाशी धरून फिरवतो आणि त्याची टिकटिक एखाद्या वैद्याने नाडी बघावी तशी ऐकतो. मग तो काडतुसे मागतो, आणि तिथे सगळा इतिहास ओमफस् होतो. कोल्टच्या पिस्तुलात तेव्हा पुढच्या बाजूने दारू आणि गोळी ठासत आणि मागे बार पेटवणारी टोपी बसवत. मागून पितळी काडतूस सरकवायचे, तर चक्राला आरपार भोक लागते. त्या आरपार भोकाचे पेटंट रोलिन व्हाइट यांनी १८५५ साली घेतले होते आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या पिस्तूल कंपनीकडे होता. ते १८६९ साली संपेपर्यंत कोल्टचे हात बांधलेले होते. स्मिथ अँड वेसनची काडतुसी पिस्तुले तेव्हा बाजारात होती खरी, परंतु ती .२२ आणि .३२ ची, चणीने लहान. सिनेमाचा नायक क्लिंट ईस्टवुडच्या कमरेवर चकाकणारी पितळी काडतुसांची रांग १८६२ साली तिथे येणे अवघड होते.

अलकाच्या अंधारात मला पेटंट वगैरे काही ठाऊक नव्हते. मला फक्त एवढे खटकले की धूर कुठे गेला. याचे कारण आमचे काका. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकबारी ठासणीची बंदूक होती, आणि भाताला दाणा भरू लागला की रात्री डुकरे हुसकावण्यासाठी काका तिचा बार काढत. आधी मापाने काळी दारू, मग काथ्याचा बोळा, गजाने चार ठोके, पुन्हा थोडे छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यांत शेवटी निपलवर तांब्याची टोपी. ती बसवण्याचे काम कधीमधी मला मिळे. बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि वारा नसला तर तो तसाच मळ्यावर लोंबकळत राही. काका लगेच एक पाऊल डावीकडे सरकत, कारण धुरातून समोरचे काही दिसत नसे. त्या वासाची सर दिवाळीच्या टिकल्यांना नव्हती.

बिनधुराची दारू १८८४ साली फ्रान्समध्ये निघाली आणि अमेरिकेत सामान्य शिकाऱ्याच्या हाती ती १८९५ च्या सुमारास विंचेस्टरच्या .३०-३० मधून आली. म्हणजे काउबॉयपटांचा जवळजवळ सारा काळ काळ्या दारूचा, धुराने भरलेला. दोन-तीन बारांनंतर नायकाला खलनायक दिसूच नये असा. पडद्यावर मात्र बारा जण गोळ्या झाडतात आणि हवा महाबळेश्वरसारखी स्वच्छ. टूसॉनच्या आमच्या गल्लीतला एक शेजारी हौसेने इटलीत बनलेली, १८७३ च्या कोल्टची प्रतिकृती बाळगतो आणि तीत काळी दारूच वापरतो. एका शनिवारी तो मला रेंजवर घेऊन गेला. पाच गोळ्या भरून घोड्याखालचे सहावे घर रिकामे ठेवायचे, दर बाराला अंगठ्याने घोडा चढवायचा, हे त्याने शिकवले. पहिला बार होताच मी नकळत एक पाऊल डावीकडे सरकलो. तो चकित होऊन म्हणाला, हे तुला कोणी शिकवले? मी म्हणालो, पुस्तकात वाचले.

हे मी का म्हणालो, याकडे परत यावे लागेल. पण आधी तिसरे उत्तर.

इथून सव्वा तासावर काउबॉयपटांत गाजलेले टूम्स्टोन गाव आहे. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना ग्रँड कॅन्यन लांब पडतो म्हणून तिथे नेतो. तिथली ओ. के. कोरलची प्रसिद्ध चकमक, अर्प बंधू आणि काउबॉय टोळीची, २६ ऑक्टोबर १८८१ रोजी दुपारी झाली, आणि तीही कोरलमध्ये, म्हणजे घोड्यांच्या आवारात, नव्हे, तर मागच्या बाजूला फ्रीमाँट स्ट्रीटवर, फ्लाय यांच्या फोटो स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत. सुमारे तीस सेकंदांत सुमारे तीस गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिघे मेले. अर्प बंधूंच्या बाजूने लढणाऱ्या डॉक हॉलिडेच्या हातात शॉटगन होती. फोर्ड यांनी १९४६ साली यावर 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' काढला, तेव्हा साल १८८२ करून टाकले आणि गाव उचलून राज्याच्या पार उत्तर टोकाला मॉन्युमेंट व्हॅलीत नेऊन ठेवले. म्हणजे आमचे कोणी प्रतापगड उचलून गोंदियाला नेला, तर त्याच्यावर पुतळे जाळण्याची वेळ येईल, आणि इथे त्याला अभिजात म्हणतात. तिथे रोज होणाऱ्या खेळात नट मांडीला पट्ट्याने बांधलेले, कमरेखाली लोंबते होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, घालतात. ते विसाव्या शतकातल्या सिनेमावाल्यांचे डिझाइन आहे. जुने लोक पिस्तूल वर, कमरपट्ट्यालगत लावत. मी हे शेजारी बसलेल्या मावशींना सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, "अरे, पोरं किती छान पडतात बघ."

पण टूम्स्टोनबद्दलची सर्वांत मोठी थाप पिस्तुलाच्या सालाची नाही. चकमक मुळात कशावरून झाली, तर गावाच्या नवव्या क्रमांकाच्या नियमाने गावात हत्यार बाळगायला बंदी होती आणि मार्शल व्हर्जिल अर्प ती हत्यारे काढून घ्यायला निघाला होता. कॅन्सासमधल्या डॉज सिटीतही १८७० च्या दशकात तशीच बंदी होती. तिकडे आपल्याकडे व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला, आणि इकडे तीनच वर्षांनी हत्यारे जमा करा म्हटल्यावरून तिघांचे मुडदे पडले. या दोन बंद्यांत राजा आणि रयत यांचा फरक आहे, तो मला मान्य आहे. पण काउबॉय म्हणजे कमरेला पिस्तूल लावून कुठेही हिंडणारा स्वतंत्र पुरुष हे चित्र ज्यांनी रंगवले, त्यांनी खरी पाटी झाकून ठेवली. आज ॲरिझोनात पिस्तूल लपवून बाळगायलाही २०१० पासून परवाना लागत नाही. ज्या रस्त्यावर हत्यार काढून ठेवायला सांगितले गेले, तिथेच लोक आता ते लावून आइस्क्रीम खातात.

हे सगळे मी गटावर लिहिले. मित्राचे उत्तर आले, आणि ते वाईट नव्हते. त्याने १९९२ च्या 'अनफरगिव्हन'चे नाव घेतले. त्यातला पोरगा स्वतःला 'स्कोफील्ड' म्हणवतो ते स्मिथ अँड वेसनच्या पिस्तुलावरून, ते पिस्तूल १८७५ चे, कथा १८८० च्या पुढची, आणि त्यात शेरीफ हत्यारबंदीची पाटीही लावतो. शिवाय १९५० च्या 'विंचेस्टर ७३' मध्येही, १८७६ च्या चार जुलैला, व्हर्जिलचा भाऊ वायट अर्प गावात शिरणाऱ्यांची पिस्तुले काढून घेतो. मला मान्य करावे लागले. त्या दुसऱ्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी तर स्टुडिओने 'वन ऑफ वन थाउजंड' या शंभर डॉलरच्या खास रायफलींपैकी शिल्लक कुणाकडे आहेत, याचा देशभर शोध घेतला होता. अशा रायफली दीडशेही बनल्या नव्हत्या.

मात्र मी लगेच दुसरीकडून चढाई केली. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या मूळ वह्या जपलेल्या आहेत. जुन्या रायफलीचा क्रमांक कळवला की ती कोणत्या दिवशी गोदामातून निघाली ते पुष्कळदा कळते. एवढे दप्तर कारखान्याने ठेवले असून दिग्दर्शकांनी तीस-चाळीस वर्षे साल चुकवले, हे विसरू नका, असे मी लिहिले. नंतर अचूकता आली तीही बव्हंशी बाहेरून. यादवीची शंभरी साजरी करणाऱ्या हौशी लोकांसाठी १९५० च्या दशकाअखेरीपासून इटलीत ब्रेशाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पियात जुन्या पिस्तुलांच्या प्रतिकृती बनू लागल्या, त्या सिनेमालाही स्वस्तात मिळाल्या, आणि प्रेक्षकांतले हौशी लोक चुका मोजू लागले. त्यालाही किंमत आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या काउबॉयपटाच्या तयारीत अशाच एका इटालियन .४५ प्रतिकृतीत खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हलिना हचिन्स मरण पावल्या. ते पिस्तूल सालाच्या हिशेबात अगदी बरोबर होते.

यावर तो मित्र एवढेच म्हणाला, "तू तिकडे जाऊन बसलास. इथली कळकळ तुला कशी कळणार?"

हे वाक्य मी पूर्वी दहा वेळा ऐकले आहे आणि त्यावर माझ्याजवळ ठेवणीतली उत्तरे आहेत. या वेळी एकही टाइप झाले नाही. मला विंचेस्टरच्या सहा नमुन्यांची साले पाठ आहेत. रोलिन व्हाइटचे पेटंट मी झोपेतही सांगेन. आणि शेजाऱ्याने विचारले तेव्हा, माझे काका कोकणात रात्री डुकरांवर ठासणीची बंदूक चालवत, हे सांगायला मला लाज वाटली होती. ज्या गावी प्रत्येकाकडे आजोबांच्या बंदुकीची गोष्ट असते आणि ती तो मोठ्या ऐटीने सांगतो, तिथे माझ्याजवळ अस्सल गोष्ट असून मी पुस्तकाचे नाव पुढे केले, कारण काकांच्या अंगात बंडी आणि पायांत चिखल होता, आणि मला त्या क्षणी फिनिक्सच्या विमानतळावर एमएस करायला उतरलेला स्वच्छ माणूसच राहायचे होते. लिओनीच्या सिनेमातल्या १८६२ सालाला शोभणारे तंत्र, दारू, गोळी, टोपी, मी स्वतःच्या बोटांनी हाताळले होते, आणि तरीही मी त्याचा जाणकार झालो तो त्यांच्या कोल्टमुळे.

त्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी चुलतबहिणीला फोन लावला आणि विचारले की काकांच्या बंदुकीच्या नळीवर काही अक्षरे होती का, कारखान्याचे नाव, क्रमांक, काहीही. दर निवडणुकीला काका ती ठाण्यात जमा करत आणि निकालानंतर परत आणत. ते गेल्यावर परवाना कुणाच्या नावावर झाला नाही आणि ती कायमची जमा झाली, एवढे मला माहीत होते. ती म्हणाली, पावती ट्रंकेत असेल, बघते. मग थोडे थांबून म्हणाली, "पण दादा, गणपतीत यायचास तेव्हा खोबरेल लावून तूच ती पुसायचास ना? नळीवर काय होतं ते तुलाच माहीत असणार."