गाणं घेतलं, आता नाव घ्या

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दहा-बारा दिवस जे चाललंय ते वाचून शेवटी लिहायला बसलेय. झालं असं की माझ्या मावसबहिणीचा मुलगा पिंपरीला असतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रॅप करतो. त्याच्या जिगरी दोस्ताने सीए फायनल क्लियर केली म्हणून याने त्याच्यासाठी एक गाणं केलं, एकदम जल्लोषाचं, आईने शिलाई मशीनवर शिकवलं, पोराने करून दाखवलं, आता पेढे आणा, असं सगळं. आणि त्या रॅपच्या मागे एका जुन्या भावगीताचे सहा-सात सेकंद फिरत राहतात. गायिकेचा एक आलाप आणि त्यामागोमाग बासरीचा छोटासा तुकडा, परत परत. मी पहिल्यांदा ऐकलं आणि अंगावर काटाच आला, कारण तो आलाप माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला, सकाळच्या रेडिओवरचा.

ग्रुपवर लगेच दोन तट. आमचे काका, आयुष्यभर तबकड्या जमवलेला माणूस, त्यांनी लिहिलं की हा सरळसरळ खून आहे आणि मी हे ऐकणारसुद्धा नाही. पोरांचं म्हणणं, अमेरिकेत हिपहॉप, म्हणजे हे रॅपवालं संगीत, असंच बनतं, जगभरचं म्युझिक उचलतात, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात. मग दोन्हीकडून मलाच टॅग केलं, तू तिकडे आहेस ना, तूच सांग काय ते.

तर सांगते.

२००२ चा उन्हाळा. न्यू जर्सीत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं, सेकंडहँड टोयोटा घेऊन ऑफिसला जायचे, आणि एका सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली, काचा खाली, बेस इतका दणदणीत की माझ्या डॅशबोर्डवरचा छोटा गणपती थरथरायला लागला. आणि त्या सगळ्या दणदणाटाच्या वरून लतादीदींचा आवाज! मला आधी वाटलं भास होतोय. घर सोडून इतक्या लांब आलेल्या माणसाला काय वाटतं असा आवाज भर रस्त्यात ऐकून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. गाडीतला पोरगा मान डोलावत होता, मी त्याच्याकडे बघून हसले, तोही हसला, सिग्नल सुटला.

ते गाणं ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह', त्यात रकीमचा रॅप आणि निर्माता लॉस एंजेलिसचा डीजे क्विक. बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, नवव्या नंबरपर्यंत गेलं होतं. त्यात वापरलेलं मूळ गाणं 'ज्योती' या १९८१ च्या सिनेमातलं, 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं. सिनेमा आपल्याकडे फार कुणाच्या लक्षात नव्हता. आणि इकडे तो आवाज गल्लीगल्लीत वाजत होता.

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर ब्रॉन्क्समध्ये वाढलेली एक ब्लॅक बाई बसायची. ती दिवसभर तेच गुणगुणायची, हिंदी शब्द जसे कानावर पडले तसे, अर्थ काही माहीत नाही. एक दिवस मी तिला सांगितलं, हे गातेय तिचं नाव लता मंगेशकर, आमच्याकडे घराघरात माहितीय, आणि ती माझ्या भाषेची आहे. तिने काम थांबवलं. स्पेलिंग विचारलं, एकेक अक्षर लिहून घेतलं पिवळ्या स्टिकी नोटवर आणि ती नोट मॉनिटरच्या कडेला चिकटवली. म्हणाली, सीडीवर हे नाव कुठेच नाहीये. दुसऱ्या दिवशी ती सीडी घेऊनच आली, आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्या बारीक अक्षरातल्या पानांवर बोट फिरवत बसलो. दीदींचं नाव नाही, बप्पीदांचं नाही, सिनेमाचंही नाही.

तिनेच मला मग हिपहॉपची गोष्ट सांगितली. ११ ऑगस्ट १९७३, ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक ॲव्हेन्यू, जमैकाहून आलेल्या कुटुंबातला डीजे कूल हर्क, बहिणीने ठेवलेली पार्टी. लोक गाण्याच्या ज्या तुकड्यावर सगळ्यात जास्त नाचतात, म्हणजे नुसत्या ड्रम्सचा तुकडा, तोच दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, तीच रेकॉर्ड ठेवून लांबवायची आयडिया त्याची. तिचा मोठा भाऊ असल्या पार्ट्यांना जायचा. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, घरात होत्या त्या जुन्या रेकॉर्ड, तेच वाद्य झालं. म्हणून काका, तुम्ही जेव्हा याला चोरी म्हणता तेव्हा मला ती बाई आठवते, दुसऱ्याच्या रेकॉर्डवर प्रेम असल्याशिवाय त्यातले ते चार सेकंद सापडतच नाहीत, आधी शंभर रेकॉर्ड ऐकाव्या लागतात.

पण तिनेच दुसरी गोष्टही सांगितली, आणि ही पोरांनी ऐकावी. जेम्स ब्राऊन या गाजलेल्या गायकाच्या बँडमध्ये क्लाइड स्टबलफील्ड नावाचा ड्रमर होता. १९७० च्या 'फंकी ड्रमर' मधला त्याचा काही सेकंदांचा तुकडा हिपहॉपमध्ये शेकडो गाण्यांत वापरलाय, जगातल्या सगळ्यात जास्त सॅम्पल झालेल्या, म्हणजे रेकॉर्डवरून उचलून नव्या गाण्यात घातलेल्या, तुकड्यांपैकी एक. त्याला त्या वापराचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत, कारण तो पगारी वादक, गाण्यावर नाव ब्राऊनचं. २०१७ मध्ये तो गेला. म्हणजे 'अमेरिकेत असंच करतात' असं म्हणताना अमेरिकेत कुणाकुणाला काय भोगावं लागलंय तेही सोबत घ्या.

'ॲडिक्टिव्ह' चं पुढे काय झालं, तर आपल्याकडच्या सारेगामा या रेकॉर्ड कंपनीने ५० कोटी डॉलरचा दावा लावला, बप्पीदाही कोर्टात गेले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय तो अल्बम विकायचा नाही. मी ती बातमी प्रिंट करून तिच्या डेस्कवर ठेवली होती. पण पुढे त्या खटल्यात निघालं काय, की गाण्याचा हक्क बप्पीदांकडे नव्हताच, सिनेमासाठी मोबदला घेऊन केलेलं काम, हक्क निर्मात्याचा, तिथून रेकॉर्ड कंपनीचा. ज्याला सुचलं त्याच्या हातात काही नाही. आणि जिच्या आवाजामुळे ते गाणं चाललं तिच्या नावाचा तर कोर्टात प्रश्नही नव्हता.

आणि त्याच सुमारास घरी काय चाललं होतं आठवतंय? त्याच गाण्याचं रिमिक्स, 'कलियों का चमन', मेघना नायडूचा व्हिडिओ, आणि सगळा वाद तिच्या कपड्यांवर! आई फोनवर सांगायची की टीव्ही बंद करावा लागतो. मूळ गाणं कुणाचं, पैसे कुणाला, हे कुणी विचारत नव्हतं. मला आजही वाटतं की आपल्याकडचा वाद पहिल्यापासून चुकीच्या जागी अडकलाय, एक तट 'पावित्र्य भंगलं' म्हणतो, दुसरा 'जग बदललं' म्हणतो, आणि मधल्यामधे गाणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव पडून जातं.

इजिप्तचं उदाहरण तर जास्तच लागतं मनाला. अमेरिकन रॅपर जे-झीचं 'बिग पिंपिन', २००० साली आलेलं, पार्टीचं गाणं, निर्माता टिंबालँड, आणि त्यातली ती बासरीची धून इजिप्तचे संगीतकार बालिघ हमदी यांची, अब्देल हलीम हाफेझने १९५७ च्या सिनेमात गायलेल्या 'खोसारा' तली. अब्देल हलीम म्हणजे अरब जगात आपल्या किशोर-रफींइतकाच लाडका माणूस. टिंबालँडने २००१ मध्ये एका कंपनीला एक लाख डॉलर दिले होते. २००७ मध्ये हमदीच्या पुतण्याने दावा लावला, म्हणणं असं की काकांच्या धूनवर असले अश्लील शब्द घातलेत, पैसे दिले म्हणून याचा हक्क मिळत नाही. २०१५ मध्ये तो हरला आणि २०१८ मध्ये अपिलातही हरला. कारण अमेरिकेच्या कायद्यात कलाकाराचा नैतिक हक्क, म्हणजे माझं नाव लावा आणि माझ्या कामाची विटंबना करू नका म्हणायचा हक्क, चित्रं-शिल्पं अशा दृश्यकलेपुरताच दिलाय, संगीताला नाही. इजिप्तमधला तो हक्क इथे चालला नाही.

आणि इथे मला आपल्या देशाबद्दल अभिमानाने सांगावंसं वाटतं. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकारांना हा नैतिक हक्क आधीपासून आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीत तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही मिळाला, शिवाय गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणाला सहजासहजी लिहून घेता येऊ नये अशी तरतूद झाली, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. नावाच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेतल्यापेक्षा पुढे आहे! आणि तरी रोज रील्सवर जुनी गाणी फिरतात, खाली 'ओरिजिनल ऑडिओ' लिहिलेलं असतं आणि कुणा भलत्याच पोराचं हँडल.

दीदींनी हे नावाचं आणि पैशाचं भांडण कधीच सुरू केलं होतं. १९४९ च्या 'महल' मधल्या 'आयेगा आनेवाला' च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! रेडिओवर लोक विचारायला लागले गातंय कोण, तेव्हा कळलं. साठच्या दशकात त्यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भूमिका घेतली, रफीसाहेबांना ते पटलं नाही, एकदा पैसे घेतले की विषय संपला असं त्यांचं मत, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. एवढी किंमत मोजलेली बाई. तिचं नाव ५३ वर्षांनी परत एका सीडीवर नाही, आणि ते शेवटी न्यू जर्सीतल्या एका मॉनिटरवर पेनने लिहिलेलं, हे मी विसरू शकत नाही.

नीट केलेलंही पाहिलंय. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपचं २००५ चं 'डोन्ट फंक विथ माय हार्ट', आशाताईंची दोन गाणी त्यात आहेत, 'अपराध' मधलं 'ऐ नौजवान' आणि 'डॉन' मधलं 'ये मेरा दिल', आणि लेखकांच्या यादीत कल्याणजी, आनंदजी, इंदीवर अशी नावं रीतसर आहेत. त्या गाण्याला रॅपचं ग्रॅमी मिळालं. माझी मुलगी इथेच वाढलेली, तिने कॉलेजात असताना फोनवर ती क्रेडिट्स उघडून मला विचारलं इंदीवर कोण, आणि त्या रात्री आम्ही दोघी दीड वाजेपर्यंत जुनी गाणी ऐकत बसलो होतो. नाव लिहिलेलं असलं की असं होतं. नाव म्हणजे माग काढायची वाट असते, ती बुजवली की पुढच्या माणसाला परत जाताच येत नाही.

आता काकांना एक विचारायचंय, अगदी आदराने. काका, तुमच्या कपाटात नाटकांची जुनी पुस्तकं आहेत, मी लहानपणी ती वाचलीत. सौभद्र उघडा. पदाच्या वर काय छापलेलं असतं? 'चाल' आणि पुढे ज्या गाण्याची चाल घेतली त्याचे शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चाली आणल्या, पुढच्यांनी ठुमऱ्या आणल्या, गझला आणल्या, दुसऱ्यांचं संगीत घेऊनच आपलं नाट्यसंगीत उभं राहिलं आणि कुणी त्याला खून म्हटलं नाही. पण वर एक ओळ असायची, कुठून आणलंय त्याची. दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसांना जे जमत होतं ते आपल्याला फोनवर जमू नये?

पोराला मी हेच सांगितलं. घे रे, जरूर घे, तुझं गाणं मला मनापासून आवडलंय, पण ते रेकॉर्डिंग एका कंपनीच्या मालकीचं आहे, परवानगी माग, आणि उत्तर येईपर्यंत गाण्याची रील काढून टाक. इथे १९९१ च्या एका कोर्टाच्या निकालानंतर परवानगीशिवाय सॅम्पल घेणं कुणाला परवडेनासं झालं, तुलाही आत्ताच सवय लागू दे. आणि उद्या परवानगी मिळाली तर वर लिही, चाल अमुक, गायिका अमुक, संगीत, शब्द. लग्नात उखाणा घेताना नाव घ्यायला लावतात ना, तसं घे, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तो थोडा हिरमुसला, रील चाळीस हजार लोकांनी बघितली होती. पण काढून टाकली. कंपनीला मेल केलाय, उत्तर अजून नाही.

परवा तुमच्या सकाळी, आमच्या रात्री, त्याचा फोन आला. मावशी, गायिका, कवी, संगीतकार सगळे सापडले, पण बासरी कुणी वाजवलीय ते कुठेच लिहिलेलं नाही, तबकडीचा फोटो शोधून काढला त्यावरही नाही. मी म्हटलं, हे माहीत असेल असा आपल्या घरात एकच माणूस आहे, त्यांनाच विचार. तो घाबरत होता, त्यांनी ग्रुपवर इतकं सुनावल्यानंतर. मग मीच त्याचा प्रश्न आहे तसा काकांना पाठवला, सोबत ते सहा-सात सेकंद.

दोन दिवस काही नाही. आज उठले तर काकांचा व्हॉइस मेसेज, मागे तबकडीची खरखर ऐकू येतेय. "त्याला सांग, बासरी नाहीये ती. नीट ऐक म्हणावं. क्लॅरिओनेट आहे. वाजवणारा कोण ते बघतो, रविवारी त्याला घरी पाठव."